शनीचं कडं

एका गावात येसाजी नावाचा एक तांबट होता. त्याची थोरली बहीण बायजाक्का त्याच्याजवळ राहायची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. दर शनिवारी ती शनीला तेल वाहायची. एकदा म्हणाली, "येसा, शनीला कडं असतं म्हणतात. जन्मभर तेल वाहिलं, एकदा डोळ्यांनी बघू दे की रे. नजर अधू होत चाललीय माझी."

येसाजीनं दुर्बीण करायची ठरवली. गावात एक गुरुजी होते, त्यांनी पूर्वी दुर्बीण केली होती. ते म्हणाले, "पहिलीच ना? मग साधी कर. तळाला एक खोलगट आरसा, तोंडाशी एक छोटा, सपाट, तिरपा बसवलेला. नळी लांब होते, पण काम उरकतं. दोन बाकदार आरशांची आखूड दुर्बीण दिसते देखणी. पण ते दोन आरसे एकमेकांशी जुळता जुळत नाहीत. ती मागाहून कर."

येसाजीला पटलं. पण शेजारचा हैबती सुतार हसला, "एवढी लांब नळी? दुर्बीण करतोस का पन्हळ?"

झालं. ते बोलणं येसाजीला लागलं. त्यानं आखूड दुर्बीणच करायला घेतली.

आरशाला बाक यावा म्हणून काचेवर काच ठेवायची, मध्ये बारीक वाळू आणि पाणी, आणि घासत बसायचं. एक आरसा साधला की दुसरा बिघडायचा. पावसाळा गेला, संक्रांत गेली, पुन्हा पावसाळा आला. अक्का विचारायची, "झालं का रे?" हा म्हणायचा, "थांब गं. अशी दुर्बीण पंचक्रोशीत नसेल." पुढं पुढं ती विचारेनाशी झाली. भिंतीला हात लावून चालायला लागली. याला मान वर करायला फुरसत नव्हती.

अखेर दुर्बीण झाली. पितळेची, आखूड, लखलखीत. संध्याकाळी पारावर गाव जमलं. येसाजीनं नेम धरून ती शनीकडे वळवली नि म्हणाला, "पहिला मान अक्काचा."

अक्कानं डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"दिसलं हो! कडंसुद्धा दिसलं. माझ्या येसानं दाखवलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हैबती पुढं झाला, वाकला, आणि हळूच म्हणाला, "येसाजी, झाकण तर काढ."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"अक्का, कधीपासून दिसत नाही?" येसाजीनं विचारलं.

"संक्रांतीपासनं काहीच नाही रे. सांगितलं असतं, तर तुझा हात थांबला असता."

येसाजीनं झाकण काढलं. कडं अगदी स्वच्छ दिसलं. त्याला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं पितळेचा एक गोळा घडवला. भोवती कडं बसवलं आणि तो अक्काच्या ओंजळीत ठेवला. "असं आहे बघ. मी तारेनं अडकवलंय. तिकडं ते नुसतं अधांतरी असतं."

"पडत नाही ते?"

"नाही पडत."

अक्का कड्यावरून बोट फिरवत राहिली. तिला दिसत नव्हतं, तरी तिच्यापुढं येसाजीची मान वर होईना.

तात्पर्य: लोक हसतील म्हणून साधी वाट सोडू नये, आणि ज्याच्यासाठी काम हाती घेतलं, त्याच्याकडं अधूनमधून मान वर करून बघावं.