लेकीचं सूप

धोंडेवळण गावाच्या पश्चिमेला माळावर एकच सुळका आहे. त्याला उभा धोंडा म्हणतात. त्याच्या पायथ्यापासून पूर्वेच्या ओढ्यापर्यंत जमिनीचा एक पट्टा सुपासारखा पसरत गेला आहे, धोंड्याशी चिंचोळा आणि ओढ्याशी ऐसपैस. त्या जमिनीचं नाव लेकीचं सूप. देवळाचा गुरव नारबा आल्यागेल्या पाहुण्यांना आधी पाणी देतो आणि मग तिची गोष्ट सांगतो. शाळेतले मास्तर म्हणतात, पृथ्वी जराशी कललेली आहे आणि तशीच सूर्याभोवती फिरते. नारबाला ते मान्य आहे. ती कुणासाठी कलली हे मास्तरांना ठाऊक नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

फार पूर्वी गावात मालोजी पाटील होते म्हणे. त्यांची एकुलती एक लेक साळू. तिने बिरू नावाच्या मेंढपाळाशी आपल्या मनाने लग्न केलं. पाटलांच्या रागाचा पारा असा चढला, की त्यांनी लेकीचं नाव घेणं टाकलं. वर्ष उलटलं आणि मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी साळू देवळासमोर बसलेल्या पाटलांपुढे येऊन उभी राहिली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. मेंढरांमागे पायपीट करताना कुठल्याशा बांधावर आपलं मूल जन्माला येईल, या भीतीने तिची झोप उडाली होती.

"आबा, टेकाया जागा द्या," ती एवढंच म्हणाली.

सगळं गाव बघत होतं. नाही म्हटलं तर शोभा, हो म्हटलं तर हार. पाटलांनी मान वळवून माळाकडे पाहिलं. दिवस मावळत होता आणि धोंड्याची लांबच लांब सावली उत्तरेकडच्या बरड रानात पडली होती. तिथे निवडुंग आणि सरडे यांच्याखेरीज काही नव्हतं. पाटलांना मनातून गुदगुल्या झाल्या. त्यांनी सगळ्यांसमोर शपथेचा बेलभंडारा उचलला.

"दिली! दिवस मावळताना धोंड्याची सावली वढ्याच्या अलीकडं जिथं पडंल, ती समदी जागा तुझी!"

लोक खो खो हसले. साळू हसली नाही. तिने वाकून नमस्कार केला, कारण तो एक शब्द तिच्या कानाने अचूक टिपला होता. आबा 'पडली' म्हणाले नव्हते. 'पडंल' म्हणाले होते.

लहानपणी उन्हाळ्यात आई अंगणात कुरडया वाळत घाली आणि राखायला साळूला बसवी. दिवस कलला की हीच सावली सरळ त्यांच्या अंगणात येई, आणि आई म्हणे, "उचल गं, धोंडा आला." थंडीत मात्र धोंडा कधी घराकडे फिरकत नसे. पाटलांनी जन्मभर संक्रांतीचा तिळगूळ खाल्ला, उत्तरायण लागलं म्हणून नवा पंचाही नेसला, पण मावळणारा सूर्य खरोखरच रोज थोडा उत्तरेला सरकतो, हे बघायला त्यांना कधी सवड झाली नव्हती. कुरडया राखणं हे काही पाटलांचं काम नव्हे.

साळू आणि बिरूने बरड रानात पाल ठोकलं. संक्रांत झाली आणि सावली दक्षिणेकडे सरकू लागली. महाशिवरात्रीला ती पाटलांच्या हरभऱ्यात होती. साळूने तिथे कुंकू वाहिलं आणि एक दगड पुरला. पाटील हादरले. "धोंडा हललाय!" असं म्हणून त्यांनी माणसं पाठवली. माणसांनी सुळक्याला खांदे लावून पाहिलं, पायथ्याशी टेकूही दिले म्हणे. पाडव्याला सावली आमराईत शिरली. साळूने तिथेही दगड पुरला. आता हसणाऱ्यांनी बाजू बदलली होती. रोज संध्याकाळी अर्धं गाव सावलीपाठोपाठ चालू लागलं, आणि पाटलांना जेवण गोड लागेना.

ज्येष्ठ उजाडला. साळूला आता चार पावलं चालली तरी धाप लागत होती. एका संध्याकाळी सावली पाटलांच्या अंगणात आली, पायऱ्या चढली आणि ओट्यावर बसलेल्या मालोजी पाटलांच्या मांडीवर येऊन थांबली. कुंपणापाशी गाव जमलं होतं. साळू अंगणात उभी होती. आबांना सुनवायला तिने पालात बसून एकेक टोमणा घासूनपुसून ठेवला होता.

पाटलांनी मांडीवरच्या सावलीकडे पाहिलं. "साळू, म्या आता कुणाच्या जागंत बसलोय?"

"तुमच्या लेकीच्या."

पाटील उठले. त्यांनी पायात वहाणा सरकवल्या, काठी घेतली आणि पायऱ्या उतरू लागले. माणूस हट्टी खरा, पण शब्दाचा पक्का. म्हातारा खरंच घर सोडून निघालाय हे साळूला कळलं. सगळे टोमणे ती जागच्या जागी विसरली.

"कुठं निघाला? घर माझं झालं म्हणून बाप परका झाला व्हय?"

पाटील पायरीवरच थबकले. डोळे पुसायचे तर हातात काठी, काठी टाकायची तर गाव बघतंय. शेवटी त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "मग बसू का?"

"बसा की," साळू म्हणाली आणि ते बसताच जाऊन त्यांच्या शेजारी टेकली. त्याच घरात माजघरात तिला मुलगी झाली. पुरलेले दगड सगळ्यांनी तसेच राहू दिले आणि त्यांच्यामधली जमीन गावाने लेकींच्या नावाची मानली. लेकीला जागा मिळावी म्हणून धरित्रीच एका कुशीला कलली, असं म्हातारी माणसं सांगतात. मग साळूच्या लहानपणीच कुरडयांवर सावली कशी येत होती, असं कुणी विचारलं तर नारबा म्हणतो, "धरित्री बाईमाणूस हाय. तिनं तयारी आधीपासनंच केली आसंल."

आजही ज्येष्ठात सावली गावात शिरते तेव्हा लेकी माहेरी येतात. ज्या घराच्या ओट्यावर सावली चढते तिथला बाप, मग तो सरपंच का असेना, उठून अंगणात उतरतो आणि विचारतो, "बसू का?" ओट्यावर बसलेली लेक लगेच हो म्हणत नाही. वर्षभराचं रुसणं तिला तेवढ्यात उरकायचं असतं. बाप वहाणा हातात घेऊन उभा राहतो, शेजारीपाजारी हसतात, आणि मग ती थोडी सरकून त्याला जागा करून देते.