डेअरीचा विसरभोळा कॉम्प्युटर

गावच्या दूध डेअरीत सकाळी वीज गेली आणि लगेच आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण नेटवर्क काही जोडलं जाईना. दुधाची नोंद अडली आणि किटल्यांची रांग पार रस्त्यावर गेली. नेमके तेव्हाच चेअरमन निवृत्तीअण्णा उगवले. तिसऱ्यांदा निवडून आल्यापासून ते आज पहिल्यांदाच डेअरीत येत होते.

"काय गं प्रमिला, कालपर्यंत चालणारं नेटवर्क हे डबडं आज विसरलंच कसं? मला पटेल असं सांग, नाहीतर त्याच्यासोबत तूही घरी जा!"

ऑपरेटर प्रमिलाने आधी नेटवर्क निवडून पासवर्ड टाकला. नोंद सुरू झाली, किटल्या पुढे सरकल्या. अण्णा मात्र कमरेवर हात ठेवून तिथेच उभे.

"अण्णा, नव्यानं सुरू झालं की याला जुनी ओळख राहत नाही. तुम्ही नाही का, निवडून आलात की गाव विसरता? मग आम्हीच दारात येऊन नाव-गाव सांगायचं."

रांगेत कुणीतरी खोकलं. अण्णा चिडलेच असते, पण त्यांना आता खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्हणजे दर वेळी हीच कटकट?"

"नाही हो. 'आपोआप जोडा' अशी एक चौकट असते. तिथं खूण केली की पुढच्या वेळी हा आपणहून ओळखतो. मी आत्ताच केली."

"मग झालं की!"

"याचं झालं, अण्णा. तुमची ती चौकट कुठं असते, ते गाव तीन निवडणुका शोधतंय."