पाहुण्यांचे जोडे

त्या वाळवंटी राज्यात नदी एकही नव्हती, पण कारंजी मात्र चौकाचौकांत होती. एका पिढीपूर्वी वाळूखालून काळं तेल उसळलं आणि तिथल्या उंटांचे दिवस असे पालटले, की समुद्राचं खारं पाणी गोड करून ते हिरवळीवर शिंपडू लागले. वाळूला काय तोटा? पण ती म्हणे इमारतीच्या कामाची नाही, म्हणून वाळूसुद्धा परमुलखातून यायची. आता बोला! तिथले ससाणे गळ्यात परवाना अडकवून हवी ती सरहद्द ओलांडत.

इमारती बांधायला समुद्रापलीकडून गाढवं आली. वाळवंटाचा जुना रिवाज असा, की पाहुण्याचे जोडे यजमानानं स्वतः उचलून ठेवायचे आणि तो निघाला की त्याच्या पायाशी आणून मांडायचे. गाढवांना कामाला ठेवणाऱ्या लुबना उंटिणीनं त्यांचे जोडे मोठ्या आदरानं उचलले, कोठीत ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात बांधली. अनवाणी पायांनी त्या तापल्या वाळूत कुणी पळणार नाही, हे तिला कळत नव्हतं थोडंच! पण कुणी विचारलं, की ती म्हणे, "अहो, रिवाजच आहे आमचा."

एका सकाळी गोणू नावाचं गाढव कोठीशी आलं. दोन वर्षांत त्यानं कधी काही मागितलं नव्हतं.

"बाईसाहेब, आई अखेरच्या घटका मोजतेय. दुपारी गलबत सुटतं. माझे जोडे द्या, तोंड तेवढं बघून येतो."

नेमकी त्या दिवशी उंटिणींची सौंदर्यस्पर्धा होती. लुबनाच्या ओठांना लेप लागला होता, पापण्या विंचरून झाल्या होत्या. कोठीत वाकलं असतं तर सगळा साज विसकटला असता.

"आजच बरी आठवली रे आई!" ती म्हणाली. "उद्या ये."

स्पर्धा तिनंच जिंकली. गळ्यात हार घालून ती परतली, तेव्हा बाकीची गाढवं खाली माना घालून विटा वाहत होती. गोणू अनवाणीच निघून गेला होता.

जनाचं सोडा, मनाची लाज लुबनाला बसू देईना. तिनं कोठी उघडली, ढिगातून त्याचे जोडे शोधले आणि ती धावत सुटली. वाळूत आधी खुरांचे ठसे होते, पुढे त्या ठशांत रक्त होतं.

किनाऱ्याच्या कोसभर अलीकडे एका खुरट्या झुडपाखाली गोणू बसला होता. गलबताचं शीड दूर समुद्रात गेलं होतं. लुबनानं गुडघे टेकले आणि जोडे त्याच्या पायाशी मांडले. पाय इतके सुजले होते, की ते आत जाईनात. तिला वर बघवेना. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"एवढ्या उन्हाच्या धावत आलात, बाईसाहेब?" गोणू म्हणाला. "घसा सुकला असेल."

आणि घोटभर पाणी उरलेली आपली पखाल त्यानं नाकानं ढकलत तिच्यापुढे सरकवली.