हवालदारांचा किल्ट

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे गाव सासऱ्याचं, भोळेपणा त्याचा स्वतःचा. नाव हरबा. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करी आणि तिथंच घोटाळा होई. एकदा बायको म्हणाली, "दूध उतू जातंय का बघा." हा चुलीपुढे बसून बघत राहिला. दूध उतू गेलं, तेव्हा परसात जाऊन त्याने तिला तसं कळवलं. अशी तीन वर्षं काढून शेवंता माहेरी निघून आली. दोन महिने झाले, परतायचं नाव नाही. हरबाला घर खायला उठलं. मीठ कुठल्या डब्यात आहे, हेसुद्धा त्याला सापडेना.

धाकट्या मेहुणीचं लग्न निघालं, तसा तो आठ दिवस आधीच सासुरवाडीला हजर झाला. बायकोला घेऊन जायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

सासरे शिवराम हवालदार पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवून निवृत्त झालेले. त्यांच्या ट्रंकेत लाल चौकड्यांचा, चुण्याचुण्यांचा एक किल्ट होता. गाव त्याला घागरा म्हणे, पण हवालदार लांब गेल्यावर. लेकीच्या वरातीत तो किल्ट घालून बॅगपाइप वाजवायचा, हे त्यांचं ठरलेलं. अडचण इतकीच, की पेन्शनीत पोट सुटलं होतं आणि किल्टला डांबरगोळ्यांचा वास मारत होता.

हवालदारांनी हरबाला पुढ्यात बसवलं. "जावईबापू, लग्नाआधी हा किल्ट अंगाला बसता करून, स्वच्छ धुऊन आणा. एवढं धड केलंत, तर शेवंता तुमच्याबरोबर येईल. नाही तर ती इथंच बरी."

"बरं मामा," हरबा म्हणाला, आणि शिंप्याकडे गेला.

"माप?" शिंप्याने विचारलं.

हरबाने विचार केला. अंगाला बसता करायचा. कुणाच्या अंगाला, ते मामा बोलले नव्हते. दुकानात रिकामं अंग एकच होतं. त्याने दोन्ही हात वर केले.

संध्याकाळी हवालदारांनी किल्ट कमरेला लावला. दोन्ही टोकांमध्ये वीतभर पोट उरलं.

"अहो जावईबापू, ज्याला घालायचंय त्याला सोबत न्यायचं असतं."

"बरं मामा," हरबा म्हणाला, आणि ते पक्कं ध्यानात ठेवलं.

हवालदार स्वतः शिंप्याकडे जाऊन माप देऊन आले. किल्ट झकास बसला. आता राहिलं धुणं. मंगळवारी हरबा म्हणाला, "मामा, लाँड्रीत चला. तुमच्यावाचून चालायचं नाही." काहीतरी नाजूक काम असेल म्हणून हवालदार भर उन्हात बाजारापर्यंत चालत गेले. हरबाने किल्ट फळीवर ठेवला आणि हवालदारांना त्याच्या शेजारी उभं केलं.

"घ्या धुवायला," तो म्हणाला.

लाँड्रीवाल्या एकनाथाने हवालदारांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दोन्ही?"

किल्ट तिथंच टाकून हवालदार तरातरा घरी निघाले. घरी आल्यावर बोलले. "अहो, लाँड्रीत माणसाचं काय काम? कपडा ठेवायचा, पावती घ्यायची, 'गुरुवारी येतो' म्हणायचं आणि घरी यायचं."

"बरं मामा."

गुरुवारी हरबा किल्ट आणायला गेला. एकनाथाने धुतलेला, चुण्या बसवलेला किल्ट त्याच्या हातात दिला. हरबाने तो फळीवर ठेवला आणि पावती मागितली. एकनाथाला कामाची गर्दी होती. त्याने पावती फाडली. "शनिवारी या," म्हणाला. "गुरुवारी येतो," हरबा म्हणाला. बरीच घासाघीस होऊन शनिवार ठरला.

"किल्ट कुठाय?" हवालदारांनी विचारलं. हरबाने पावती दिली.

हवालदारांनी पावती वाचली, डोळे मिटले, उघडले, पुन्हा वाचली. "अहो, धुतलेला कपडा दिला की गुमान काखेत मारायचा आणि सरळ घरी यायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

"बरं मामा."

दरम्यान तो किल्ट दुसऱ्यांदा भट्टीला गेला, तोही दुसऱ्या एका लग्नघरातल्या हळदीच्या कपड्यांसोबत. शनिवारी एकनाथ बिचारा कळवळून म्हणाला, "पाहुणं, जरा थांबा. पुढच्या चुण्यांना हळद लागलीय. तासाभरात काढून देतो." हरबा एक शब्द बोलला नाही. किल्ट काखेत मारून तो सरळ घरी आला.

हवालदारांना आता ओरडायचंही बळ उरलं नव्हतं. ते समजुतीनेच बोलले. "बापू, आपला माल परत घेताना उलटापालटा करून बघायचा. डाग दिसला तर हातात घ्यायचा नाही. ठणकावून सांगायचं, जसा दिला तसा परत द्या. त्यातही हळदीचा डाग. तो या जन्मात निघत नाही."

"बरं मामा," हरबा म्हणाला. हे मात्र त्याला मनापासून पटलं.

रविवारी लग्न लागलं. पिवळ्या चुण्यांचा किल्ट घालून हवालदारांनी वरातीत बॅगपाइप वाजवला. व्याह्यांकडची मंडळी म्हणाली, पद्धत चांगली आहे, वधूपित्यालाही हळद लावतात. हवालदारांची छाती पुन्हा वर आली. नवरीची पाठवणी झाल्यावर सासूबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "धाकटी नांदायला गेली आणि थोरली घरात. लोक काय म्हणतील? काही झालं तरी जावई मनाने वाईट नाहीत." शेवंतानेही पिशवी भरून ठेवली होती. दोन महिने तिलाही करमत नव्हतं. इथं दूध उतू गेलं तर कुणी येऊन सांगतसुद्धा नव्हतं.

हवालदारांचं मन विरघळलं. भरल्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्यांनी लेकीचा हात हरबाच्या पुढे केला.

"घ्या जावईबापू. तुमचं माणूस तुमच्या हवाली."

हरबाला भरून आलं. किती दिवस त्याने या घडीची वाट पाहिली होती. पण या वेळी चुकायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. त्याने शेवंताला समोरून पाहिलं. मागे जाऊन पाहिलं. तिचे हात उलटे करून पाहिले. करवलीच ती, कालच्या हळदीत कोपरापर्यंत पिवळी झालेली. गालावर पिवळं, कानामागे पिवळं.

हरबाने हात मागे घेतले.

"ही इथं आली तेव्हा तिला हळद नव्हती, मामा," तो ठणकावून म्हणाला. "जशी दिली तशी परत द्या."

शेवंताने पिशवी खाली ठेवली. हरबाला वाटलं, फार कडक बोललो, आणि त्याने आवाज जरा मऊ केला.

"घाई नाही. पावती द्या. गुरुवारी येतो."