पिवळ्या चड्डीतला पैलवान

माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ कुठं चुकलं असेल, आणि शब्दही साधेच आहेत. तेवढं सांभाळून घ्या.

“कुंडलिकचा हात मोडल्यावर पुढं काय?” दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

“पुढं काय म्हंजे?” इंद्रजित म्हणाला. “मोडला की झालं.”

तालीम रिकामी होती. वस्ताद हौद्याच्या काठावर बसले होते, समोर कुस्तीची तांबडी माती. इंद्रजित उभाच होता. शनिवारी शेजारच्या गावात कुस्त्यांचं मैदान होतं आणि त्याची जोड कुंडलिकशी लागली होती.

गेल्या यात्रेत याच कुंडलिकनं त्याला ढाक मारून चीत केलं होतं. तेवढंच असतं तर इंद्रजितनं गिळलं असतं. पण छातीवरून उठताना कुंडलिक मोठ्यानं म्हणाला, “ऊठ बाळ, दुधाची वेळ झाली.” सारं मैदान हसलं. पुढच्याच रांगेत इंद्रजितचे वडील होते. ते उठले आणि एकटेच घरी चालत गेले.

त्या दिवसापासून पोरगा आतून धुमसत होता. वस्तादांनी पाठ थोपटल्याशिवाय या तालमीतला पैलवान मैदानात उतरत नाही, आणि वस्तादांचा हात काही उठत नव्हता.

“खिशात काय वाजतंय ते?”

इंद्रजितनं मुकाट्यानं बाहेर काढला. त्याच यात्रेत घेतलेला व्हिडिओ गेम. तळहाताएवढा, स्वस्तातला. पूर्वी टीव्हीला जोडून खेळायचे ते सगळे जुने खेळ आतच भरलेले.

“चारशे खेळ हायत म्हणं ह्यात.”

“हायत.”

“तू कुठला खेळतोस?”

“...एकच.”

त्या एका खेळात पिवळ्या चड्डीतला पैलवान होता. इंद्रजित त्याला जेवताना लोळवायचा, म्हशींमागं चालताना लोळवायचा. त्याचं नाव त्यानं कुंडलिक ठेवलं होतं.

“आण इकडं.”

वस्तादांनी खेळ लावला, गेम मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घातली.

पिवळ्यानं गुद्दा घातला. मग आणखी एक. वस्तादांचा गडी आडवा झाला. पिपाणी वाजली आणि पिवळा हात वर करून नाचायला लागला.

“दाबा की, वस्ताद. तांबडं बटण.”

वस्तादांनी खेळ परत लावला. परत हाताची घडी.

“वस्ताद, मार खाताय तुम्ही.”

“मी?”

पिवळा पुन्हा नाचला. वस्ताद गालातल्या गालात हसले.

ते हसू इंद्रजितला सोसलं नाही. त्यानं झडप घालून गेम हिसकावला आणि भिंतीवर आपटला.

कडकन आवाज झाला. बटणं उडाली, प्लॅस्टिकच्या चिरफळ्या हौद्यात जाऊन पडल्या.

वस्तादांच्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं. त्यांनी उठून गेम उचलला. काच तडकली होती, बटणांच्या जागी भोकं पडली होती. आत पिवळा नाचतच होता. पिपाणीही चालूच.

“बंद कर ते.”

इंद्रजितनं एका भोकात बोट घातलं, मग दुसऱ्यात. काही होईना.

“मग पाड त्याला.”

“कशानं पाडू? बटणंच न्हाईत.”

वस्तादांनी गेम त्याच्यापुढं आणखी सरकवला.

“वस्ताद, बटणंच न्हाईत आता.”

“मग नाचू दे.” वस्तादांनी गेम कोनाड्यात ठेवला. त्यांचा आवाज दगडासारखा होता. “घरी जा तू.”

पिपाणी त्याच्या मागं रस्त्यापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी तालमीत आला. कोनाड्यातला गेम बॅटरी संपून मुका झाला होता. त्यानं खोरं घेऊन सगळा हौदा उकरला आणि गुडघ्यांवर बसून माती मूठमूठ करून बोटांतून गाळायला लागला. वस्ताद येऊन मागं उभे राहिलेले त्याला कळलंही नाही.

“काय चाललंय?”

“तुकडे येचतोय.” शेजारी टॉवेलवर बटणं आणि चिरफळ्या पडल्या होत्या. “एक टवका घावंना.”

“ऱ्हाऊ दे की. एवढासा तर असंल.”

“कसं ऱ्हाऊ दे?” इंद्रजित फिस्कारला. “कोण पडलं त्याच्यावर तर? पाठीत घुसंल कुणाच्या तरी.”

आणि पुन्हा त्यानं मातीत हात घातला. शनिवारचं त्यानं विचारलं नाही.

वस्तादांनी वाकून त्याच्या घामट पाठीवर थाप मारली.

“लंगोट धुऊन वाळत घाल,” ते म्हणाले. “शनिवारी लागंल.”