पांढरं पडलेलं आभाळ

"...पण कॅमेरा ऑटोवर टाकून काढलेल्याला फोटो म्हणायचं का, चाचा?"

सुहास लोहारने धाकट्या बहिणीने काढलेला फोटो काउंटरवर आपटला.

मिरजेतल्या एका बोळात अत्तारचाचांचा स्टुडिओ. शिकायला येईल त्याच्या कॅमेऱ्याची डायल चाचा मॅन्युअलवर आणायचे आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी मारायचे. उजेड ज्याने त्याने मोजायचा. पट्टी काढली की हकालपट्टी. सुहासच्या कॅमेऱ्यावर ती सात वर्षं होती. पदकासारखी मिरवायचा.

चाचांनी चष्मा लावला.

फोटोत सुहासचे वडील. भट्टीवरून उठून अंगणात आलेले. चेहरा काजळीने माखलेला, पाठीमागे एप्रिलचं आभाळ. कॅमेऱ्याने चेहरा ओळखला होता, चेहऱ्यापुरता उजेड वाढवला होता. मागे सगळं पांढरं.

माणूस हसत होता.

"आभाळ पार जळालंय," सुहास म्हणाला. "नजरसुद्धा कॅमेऱ्यात नाही, डावीकडं कुठंतरी. सारिकाला काय कळतंय? बटण दाबलं, झालं."

"आणि तुझा?"

सुहासने आपला काढून ठेवला. आभाळ निळं, भट्टीच्या पत्र्याची घडी न् घडी स्पष्ट, एक चूक नाही. वडील पाठमोरे.

"मी उजेडाचं रीडिंग घेईपर्यंत वळले ते... त्यानंतर अकरा दिवसांनी गेले."

चाचांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"हा सोडला तर घरात त्यांचा हसरा फोटो एक नाही. माणूस हसायचाच नाही, चाचा. परवा वर्षश्राद्ध आहे. हिच्या फोटोतला चेहरा कापा, माझ्या आभाळावर बसवा. नजर समोर करून द्या. लोकांच्या मेलेल्या आजोबांना तुम्ही कोट घालताच की."

"घालतो. टायसुद्धा."

कुणी हसलं नाही.

"कॅमेरा दे इकडं."

चाचांनी नखाने पट्टी उचकटली. डायल फिरवली. ऑटोवर आणून ठेवली.

"हे काय? तुम्हीच म्हणायचात, ऑटो म्हणजे आळशांचं काम!"

"म्हणायचो."

"फूटपट्टीनं बोटं सुजवलीत माझी!"

"मी शिकलो तेव्हा ऑटो नव्हतंच, बेटा. आलं तेव्हा मला ते जमेना... मग मी त्याला वाईट म्हटलं."

एवढं सांगायला म्हाताऱ्याला सात वर्षं लागली. आपल्याला न जमलेल्या गोष्टीचा नियम करायचा आणि तो पोरांच्या गळ्यात बांधायचा, हा म्हाताऱ्यांचा नेहमीचा उद्योग. त्या नियमापायी एक पोरगं मान खाली घालून आकडे जुळवत बसलं आणि त्याचा बाप आत निघून गेला. 'चुकलं माझं' तरी म्हणावं. तेही नाही म्हटलं.



"मला दुसरं काही नको होतं, चाचा. एकदा... ते माझ्याकडं बघून हसायला हवे होते."

चाचांनी बहिणीचा फोटो उचलला. खिडकीपाशी नेला. बराच वेळ उजेडात धरून उभे राहिले...

"हा काढला तेव्हा तू कुठं होतास?"

"तिच्या डाव्या हाताला. चार पावलांवर."

"वर बघत होतास?"

"नाही. कॅमेऱ्यात."

"हं..."

चाचांनी कात्री घेतली नाही. फोटो होता तसा चौकटीत घातला. आभाळाला हात लावला नाही. नजरेलाही नाही. मागून खिळे ठोकले, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि चौकट सुहासच्या हातात दिली.

"जेवायला कुठं बसतोस रे घरात?"

"स्वयंपाकघरात. मोरीच्या भिंतीला टेकून... का?"

"मग समोर टांगू नको. ह्याची नजर तिथवर पोचेल, अशा भिंतीवर टांग."