सागवानी टेबल आणि लंगडं घड्याळ

लाकूड आणि पितळ एकमेकांशी बोलत, भांडतही, त्या काळातली ही गोष्ट.

दिवाळीआधी त्र्यंबकरावांनी घरातली मातीची जमीन उकरून नवी केली, सारवली आणि सागवानी टेबल परत जागेवर ठेवलं. त्यावरचं लंबकाचं घड्याळ मात्र लंगडत चालू लागलं आणि दुपारी बंदच पडलं.

“लाज वाटत नाही?” टेबल म्हणालं. “मी बघ, जागचं हलत नाही.”

“तू तिरकं उभं आहेस,” घड्याळ म्हणालं. “म्हणून माझा लंबक अडतो.”

“सागवान कधी तिरकं असतं का?”

त्र्यंबकरावांनी घड्याळात तेल सोडलं, लंबक खालीवर करून पाहिला. घड्याळ पुन्हा थांबलं.

“आता भंगारातच देतो,” ते वैतागून म्हणाले.

“अहो, थांबा!” त्यांची बायको यमुनाबाई आतून आल्या. “मघापासून ऐकतेय. टिक लांब पडतेय, टक आखूड. टेबल कललंय.”

त्यांनी टेबलाच्या एका पायाखाली करवंटीचा तुकडा सरकवला आणि लंबकाला हलकेच झोका दिला. टिक, टक, टिक, टक. अगदी सारखं.

टेबलानं समाधानानं ऐकलं.

“चार शब्द सुनावले,” ते म्हणालं, “तेव्हा कुठे सुधारलं.”